सतरा प्रतींचा प्रिंटर

मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळी शांतम्मा उळागड्डे यांच्या प्रिंटरनं मान टाकली. सातवीच्या विज्ञानाचा पेपर चालला होता. नववी प्रत अर्धी बाहेर आली, दोन दिवे आलटूनपालटून लुकलुकायला लागले आणि मशीन थांबलं ते थांबलंच. बाईंनी बंद करून चालू केलं, मागचं झाकण उघडून अडकलेला कागद ओढून काढला, पुन्हा चालू केलं. दिवे तसेच. मशीन जरा तिरकं करून खाली बघितलं, तर टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर काळ्या शाईचं थारोळं साचलेलं.

दुपारी दुरुस्तीवाला येऊन गेला. त्यानं मशीन उघडलं, आत बॅटरी मारून बघितलं आणि पुन्हा मिटवलं.

"मावशी, मशीनचं डोकं साफ करताना जी शाई वाया जाते, ती आत एका स्पंजात जिरते. तो स्पंज भरून वाहायला लागलाय. आणि ह्या मॉडेलचा स्पंज बदलायचा म्हणजे सगळं मशीन खोलायचं. नव्याच्या निम्मा खर्च. हे घरगुती आहे हो, महिन्याला शंभर-दोनशे पानांसाठी केलेलं. तुम्ही किती काढता?"

"परीक्षेच्या महिन्यात पाच-सहा हजार."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला. "मग तीन वर्षं टिकलं हेच लई झालं की."

तो गेला आणि बाई त्या खोलीत तशाच बसून राहिल्या. सोलापूरच्या बाळीवेशीतलं त्यांचं घर लहान, त्यात ही खोली सगळ्यात लहान. पूर्वी इथं धान्याची पिंपं असायची. आता भिंतीला लागून कागदाचे गठ्ठे, एक टेबल, एक संगणक आणि दाराला आतून कडी. सात शाळांचे पेपर या खोलीतून जायचे. वार्षिक परीक्षा एप्रिलात. हातात महिनाभर, आणि मशीन गेलेलं.

संध्याकाळी सून सिद्धेश्वरी विमा कंपनीच्या ऑफिसातून आली. सासूचा चेहरा बघूनच तिनं विचारलं, "अत्ती, काय झालं?" घरात सासूला ती कन्नड रीतीप्रमाणं अत्ती म्हणायची.

सगळं ऐकून ती म्हणाली, "एवढंच ना? या खेपेला झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणू. कोपऱ्यावरच आहे की."

"दुकानातून?" बाई म्हणाल्या. "मग त्या शाळा माझ्याकडं कशाला येतील?"

सिद्धेश्वरीलाही ते माहीत होतं. सात शाळा बाईंकडं यायच्या त्या छपाई सुबक असते म्हणून नव्हे. बाईंच्या खोलीतून पेपर कधी फुटला नव्हता, म्हणून यायच्या.

ही गोष्ट सुरू झाली ती बाई निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी. शहरातल्या एका जुन्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली होती. त्याच शाळेचा एक विद्यार्थी, भीमाशंकर, पुढं शिक्षक होऊन मैंदर्गीकडच्या एका कन्नड माध्यमाच्या छोट्या शाळेत लागला. एक दिवस तो पिशवीत काजूकतलीचा पुडा घेऊन आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, आमचे पेपर परीक्षेच्या आधीच गावभर होतात. गावात दुकान एकच. तिथं पेपर टाकला की मागं चार जण वाकून वाचतात. तुम्ही घरी काढून द्याल का?" बाईंच्या मुलानं फोटो काढायला म्हणून घेतलेला प्रिंटर घरात धूळ खात होता. त्यावर पहिले पेपर निघाले. कन्नड टाइप करायला बाई साठाव्या वर्षी सुनेकडून शिकल्या. भीमाशंकर सरांनी दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तो प्रिंटर दोन वर्षांत गेला, त्यानंतरचाही दोन वर्षांत, मग हा घेतला. आता हाही गेला.

"मग नवीन घेऊ या, पण यावेळी नीट बघून," सिद्धेश्वरी म्हणाली. "दर खेपेला स्वस्तातलं मशीन आणायचं आणि महागाची शाई पाजत बसायची, हे बंद. शनिवारी मला सुट्टी आहे. नवी पेठेत जाऊ."

शनिवारपर्यंतचे चार दिवस बाईंनी वाया घालवले नाहीत. गेल्या वर्षीची वही काढून त्यांनी कुठल्या महिन्यात किती पानं निघाली ते लिहून काढलं. ऑक्टोबर आणि एप्रिल हे दोन डोंगर, मध्ये चाचण्यांच्या टेकड्या, आणि मे महिना साफ सपाट. रंगीत पान वर्षात एकही नव्हतं. दोन्ही बाजूंनी छापलं असतं तर कागद जवळजवळ निम्मा वाचला असता, हेही त्यांच्या ध्यानात आलं. शुक्रवारी त्यांनी मागच्या वर्षीच्या तीन जुन्या पेपरांच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. एक कन्नड, एक मराठी, एक भूमितीच्या आकृत्यांचा. पिशवीत स्वतःचा नेहमीचा, जरा खरखरीत कागदही टाकला.

मंजुनाथचं दुकान नवी पेठेत, कापडाच्या दोन मोठ्या दुकानांच्या मधे चिमटलेलं. वर जिना चढून जायचं. चाळिशीचा माणूस, अक्कलकोटकडचा. आडनाव ऐकल्याबरोबर त्यानं खुर्च्या पुढं ओढल्या, "बर्री अक्का, कूडरी!" आणि पंखा त्यांच्याकडं वळवला.

बाईंनी वही उघडली. मंजुनाथनं ती वाचली आणि क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिला. "अक्का, इथं येणारा माणूस पहिल्यांदा मशीनची किंमत विचारतो. महिन्याला किती पानं काढणार, हे मीच विचारलं तर म्हणतो, असंच, लागतील तशी. तुम्ही वर्षाचा नकाशाच आणलाय."

त्यानं दोन मशीनं दाखवली. एक लेसर. भुकटीवर चालणारं, मिनिटाला तीस पानं, महिनाभर बंद ठेवलं तरी काही सुकत नाही. दुसरं टाकीवालं. बाजूला शाईच्या पारदर्शक टाक्या, बाटलीनं भरायच्या. बाईंनी पिशवीतला कागद पुढं केला. "ह्याच्यावर काढून दाखवा. तुमच्या गुळगुळीत कागदावर सगळंच चांगलं दिसतं."

दोन्हीकडून तिन्ही पेपर निघाले. बाईंनी चष्मा वर करून कन्नडची जोडाक्षरं डोळ्यांजवळ नेऊन तपासली. मग ग्लासातल्या पाण्यात अंगठा बुडवून दोन्ही कागदांवर दाबून ओढला. एप्रिलात सोलापूरच्या पत्र्याच्या वर्गात पोरांच्या तळव्याला धारा लागतात, आणि जुन्या प्रिंटरचे पेपर त्या घामानं निळे व्हायचे. लेसरच्या कागदावर काहीच झालं नाही. टाकीवाल्याच्या कागदावर अगदी पुसट करडी रेघ उठली. अक्षर हललं नाही.

"ह्याची काळी शाई वेगळी आहे, पक्की," मंजुनाथ म्हणाला. "रंगीत पसरेल, काळी नाही."

"आणि ह्याचा स्पंज?" बाईंनी विचारलं.

मंजुनाथ हसला. "चटका बसलाय वाटतं!" त्यानं मशीनच्या मागचा एक छोटा डबा ओढून काढला. "ह्यात भरतो. भरला की हा फेकायचा, नवा बसवायचा. तुम्ही स्वतः."

सिद्धेश्वरीनं पानामागं किती पडतं ते विचारलं. टाकीवाल्याचं दहा-बारा पैसे, लेसरचं भुकटी परत भरून घेतली तरी चाळीस-पन्नास, शिवाय आतला ड्रम ठरावीक पानांनी बदलायचा. "पण वेग लेसरचाच," मंजुनाथनं सांगून टाकलं. "आणि एक सांगतो. लेसर चालू होताना लई करंट ओढतं. घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका."

एप्रिलात बाळीवेशीत दिवसातून किती वेळा वीज जाते, हे बाईंना सांगावं लागलं नाही.

निर्णय तिथंच झाला असता. सिद्धेश्वरीनं पर्सची चेनसुद्धा उघडली होती. पण मंजुनाथ बोलता बोलता म्हणाला, "अक्का, शाळांचं काम म्हणताय म्हणून, आत एक मशीन पडलंय. एक शिकवणीवाला बंद झाला, त्याचं. बघायला काय जातंय?"

दुकानामागच्या गोदामात, खोक्यांच्या मधे, कमरेएवढं उंच करड्या रंगाचं एक धूड उभं होतं. मंजुनाथनं वायर लावली, बाईंचा भूमितीचा पेपर काचेवर ठेवला. आतून काहीतरी गुंडाळल्याचा आवाज आला, मग ढोल फिरायला लागला. धडक्, धडक्, धडक्. दर धडकेला एक कागद. आणि कागदांबरोबर तो वास आला. तेलकट, जरा कडवट, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा.

"डिजिटल डुप्लिकेटर म्हणतात. पण खरं सांगायचं तर नव्या जमान्यातलं सायक्लोस्टाइलच आहे हे," मंजुनाथ म्हणत होता. बाईंना पुढचं काही ऐकू आलं नाही.

त्या चोवीस वर्षांच्या होत्या. साल त्र्याऐंशी. शाळेच्या मागच्या अंगाला, प्रयोगशाळेच्या शेजारी एक खोली होती. तिच्या खिडक्यांना खाकी कागद चिकटवलेला. परीक्षा जवळ आली की मुख्याध्यापक गोपाळ सर त्या खोलीची किल्ली स्वतः जानव्याला अडकवून फिरायचे. नवीन आलेल्या शांतम्माला त्यांनी एकदाच नीट पारखून बघितलं आणि विचारलं, "पोटात गोष्ट राहते का?" "राहते सर," ती म्हणाली. "मग बसा."

टाइपरायटरची रिबन बाजूला सारायची आणि मेणाच्या स्टेन्सिलवर उघड्या खिळ्यांनी अक्षरं ठोकायची. चुकलं की बाटलीतलं गुलाबी औषध कुंचल्यानं लावायचं, फुंकर घालायची, वाळलं की वर पुन्हा ठोकायचं. कन्नड विभागासाठी टाइपरायटर नव्हता. ते पेपर ती लोखंडी टोकाच्या लेखणीनं स्टेन्सिलवर हातानं लिहायची, जोर जास्त झाला तर मेण फाटेल आणि कमी झाला तर शाई उतरणार नाही, अशा बेतानं. पुढं कित्येक वर्षं शहरात कुणी अनोळखी बाई भेटायची आणि म्हणायची, तुमचं अक्षर मला माहितीये, मी त्या अक्षरातला पेपर सोडवून पास झालेय.

मशीनचं हँडल फिरवायला शिपाई बिरुदेव. गोपाळ सरांनी त्यालाच का निवडलं हे सगळ्या शाळेला माहीत होतं. त्याला वाचता येत नव्हतं. पगाराच्या पत्रकावर तो अंगठा उठवायचा. सकाळी तिघं त्या खोलीत गेले की दुपारी जेवायलाच बाहेर. बिरुदेव हँडल फिरवायचा, शांतम्मा कागद सारखे करायची, सर मोजायचे. बिघडलेले कागद मागच्या अंगणात पिंपात जाळायचे, आणि राख काठीनं ढवळल्याशिवाय सर हलायचे नाहीत. बाहेर आल्यावर तिघांची बोटं काळी. बिरुदेव म्हणायचा, "बाई, आज आपुन एका जातीचं झालो की."

असं अकरा वर्षं चाललं. चौऱ्याण्णवच्या वार्षिक परीक्षेला सर तापानं घरी होते. खोलीत दोघंच. नववीच्या गणिताचा पेपर. तीस-चाळीस प्रती निघाल्यावर बिरुदेवनं हँडल थांबवलं. कागद हातात धरून तो उभा राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "बाई, चौथ्यात तिसऱ्या वळीत 'समांतर'वरचा अनुस्वार न्हाय आला."

शांतम्मानं कागद घेतला. खरंच नव्हता. तिनं मान वर केली, तेव्हा बिरुदेव भिंतीकडं बघत होता.

"तुम्हाला वाचता येतं?"

"येतंय."

"कधीपासनं?"

"लहानपनापासनं. सातवी पास हाय मी. नोकरी लागताना कुनी इचारलंच न्हाय. मग सर म्हनले, हँडलला न वाचता येनारा मानूस पायजे. म्या गप बसलो. ह्या खोलीत मला बरं वाटायचं, बाई. भाईर घंटा वाजवायची, पानी भरायचं. हितं माझ्यावाचून पेपर निगत नव्हता."

शांतम्माच्या मनात एकच गोष्ट आली. बिरुदेवची मुलगी बजाबाई त्याच शाळेत होती. आदल्या वर्षी ती नववीत गणितात चार गुणांनी नापास झाली होती. बाप निकालपत्र घेऊन सरांच्या खोलीबाहेर उभा होता, तेव्हा तिनंच त्याला पाण्याचा ग्लास दिला होता. तो पेपर ह्याच हातांनी छापलेला. आणि आता हातात होता तोही तिचाच, दुसऱ्यांदा नववीला बसलेल्या पोरीचा.

"बजाला..." तिनं विचारायला सुरुवात केली.

"न्हाय," बिरुदेव म्हणाला. एवढंच. मग त्यानं हँडलला हात घातला, आणि तिनं गुलाबी औषधाची बाटली उघडली.

तिनं सरांना ते कधी सांगितलं नाही. सर गेले त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. बजाबाई त्या वर्षी पास झाली, बेचाळीस गुण मिळवून.

"अत्ती?" सिद्धेश्वरीनं दंडाला हात लावला. "बसता का जरा?"

"काही नाही. धुळीनं डोळ्यात पाणी आलं." बाईंनी ढोलातून निघालेला कागद हातात घेतला आणि मंजुनाथला विचारलं, "ह्याचं कसं सांगताय?"

घरी येताना रिक्षात सिद्धेश्वरी म्हणाली, "टाकीवाल्यापेक्षा थोडंच महाग आहे. तुमचं मन असेल तर घेऊ. पण ते जिन्यावरून खाली उतरवायचं कसं, आणि खोलीत मावणार का?"

"मावेल," बाई म्हणाल्या. खरं तर त्यांनी मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बिरुदेवला फोन लावला. निवृत्त झाल्यावर तो टेंभुर्णीला मुलाकडं राहायला गेला होता. मुलाचं हायवेला टायरचं दुकान. फोनवर मागून ट्रकांची घरघर ऐकू येत होती.

"बिरुदेव, मी शांतम्मा. शाळेतली."

"व्हय की! वळखलं. बरं हाय न्हवं समदं?"

बाईंनी मशीन मोडल्यापासून सगळं सांगितलं. गोदामातलं धूड, ढोल, धडक् धडक्.

"वास तसाच हाय?" बिरुदेवनं विचारलं.

"अगदी तसाच."

"मंग घ्या की!" तो म्हाताऱ्या आवाजात खुदकन हसला. "म्या येतो हँडल फिरवाया."

"हँडल नाहीये त्याला. बटण आहे."

"व्हय का?" मग जरा वेळानं, "बाई, एक सांगा. आता तुमी ज्या शाळांचं काडताय, त्येंच्या एका वर्गात पोरं किती हायती?"

"कुठं पंचवीस. भीमाशंकर सरांच्या सातवीत सतरा. एका ठिकाणी अकराच."

"सतरा?"

"सतरा."

"आन् आपल्या आठवीच्या तुकड्या सहा व्हत्या."

"सहा. साठ-साठच्या."

पलीकडून ट्रक गेला. त्याचा आवाज विरल्यावर बिरुदेव म्हणाला, "बाई, आपुन पयल्या पंधरा-वीस प्रती तर शाई सारकी लागंपतुर बाजूलाच टाकत हुतो. जाळाया. सतरा पोरांची परीक्षा त्येच्यातच आटपंल की."

बाईंनी शेजारची वही जवळ ओढली.

"म्या वाईट वाटाया म्हनून न्हाय बोललो."

"नाही हो. बरोबर बोललात."

फोन ठेवल्यावर त्यांनी वही उघडली. मंजुनाथनं सांगितलं होतं की डुप्लिकेटरला प्रत्येक नव्या पानासाठी एक मास्टर जळतो, म्हणजे आजच्या काळातली स्टेन्सिलच, आणि त्याचे पंधरा-वीस रुपये. तीनशेसाठ प्रतींवर वाटले तर पानामागं पाच पैसे. सतरा प्रतींवर वाटले तर रुपयाच्या आसपास. हिशेब एवढा सोपा होता की तो त्यांनी कालच, गोदामात उभ्या उभ्या करायला हवा होता. पेपर अनेक आणि पोरं थोडी, असं त्यांचं आताचं काम. ते मशीन पेपर थोडे आणि पोरं भरपूर, अशा दिवसांसाठी केलेलं.

त्यांनी वहीची मागची पानं चाळली. सात वर्षांपूर्वी भीमाशंकर सरांची सातवी एकतीस पोरांची होती. मग सत्तावीस. मग बावीस. इतके दिवस हे आकडे त्यांनीच लिहिले होते, किती प्रती काढायच्या एवढ्यापुरते. एकाखाली एक असे त्यांनी ते कधी वाचलेच नव्हते. गावोगावची पोरं इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्यांत बसून जात होती, आणि बाईंची वही ते मुकाट्यानं नोंदवून ठेवत होती. त्यांना मशीनसाठी वाईट वाटत नव्हतं. खाकी कागदाच्या खिडक्यांआड काढलेल्या त्या तीनशेसाठ प्रती, एकेका वर्गातल्या साठ-साठ माना आणि घंटा झाल्यावर सगळ्या शाळेतून एकदम उठणारी कागदांची सळसळ त्यांना आठवत होती.

संध्याकाळी त्या सुनेला म्हणाल्या, "टाकीवालंच घेऊ."

"नक्की?"

"नक्की. इन्व्हर्टरवर चालतं, स्पंज घरी बदलता येतो, दोन्ही बाजूंनी छापतं. फक्त मेमध्ये शाई सुकू द्यायची नाही. दर सोमवारी एक पान काढायचं."

"कसलं पान?"

"काढीन काहीतरी. तुझ्या ऑफिसातल्या बायकांना पाककृती हव्या असतात ना?"

सोमवारी मशीन आलं. मंजुनाथ स्वतः घेऊन आला आणि शाई भरायला बसला, तर बाईंनी त्याच्या हातातून बाटली काढून घेतली. झाकण फिरवलं, तोंड टाकीच्या भोकावर बसवलं. काळी शाई गुटगुट आवाज करत उतरायला लागली. ह्या बाटलीचं तोंड असं केलेलं की एक थेंब बाहेर पडत नाही. बाईंची बोटं कोरडी राहिली आणि त्यांना ते जरा चुकल्यासारखं वाटलं.

मार्चचे उरलेले आठवडे खोलीची कडी आतून लागलेली असायची. मशीन फार वेगवान नव्हतं. एका बाजूनं छापून कागद पुन्हा आत ओढून घ्यायचं, मग दुसरी बाजू. बाई त्या वेळात आधीचे गठ्ठे मोजायच्या, पाकिटात भरायच्या, लाखेऐवजी डिंकाची पट्टी लावून वर सही करायच्या. तीनदा वीज गेली, मशीन थांबलं नाही. बिघडलेला कागद एवढ्या दिवसांत चाळीसच्या आत निघाला. तो त्यांनी गच्चीवर लोखंडी घमेल्यात जाळला आणि राख ढवळली. सहा शाळांचे शिक्षक येऊन आपापली पाकिटं घेऊन गेले.

भीमाशंकर सरांचा मात्र परीक्षेच्या चार दिवस आधी फोन आला. मोटारसायकलवरून पडून पाय प्लास्टरमध्ये होता. "बाई, पेपर न्यायला दुसऱ्या कुणाला पाठवू? विश्वासाचा माणूस..."

"कुणाला नको. मीच येते."

सिद्धेश्वरी नको म्हणत होती, ऊन फार आहे म्हणून. पण परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं बाई निघाल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत पाकिटं. अक्कलकोटला गाडी बदलली. त्यापुढं शेजारच्या बाया कन्नडमध्येच बोलायला लागल्या. बाईंनी खिडकीतून तुरीचे खुंट उभे असलेली काळी रानं बघितली. चौतीस वर्षं शाळेत आणि सात वर्षं घरात, एवढे पेपर काढले, पण पोर पहिल्यांदा पेपर उघडतं तो क्षण त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्या वेळी त्या नेहमी ऑफिसात पुढच्या पेपरच्या प्रती मोजत असायच्या.

शाळा पाच खोल्यांची, समोर कडुनिंब. प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून भीमाशंकर सर व्हरांड्यात बसले होते. त्यांनी बाईंच्या देखत पाकिटं फोडली. सातवीवर देखरेख करणारे गुरुजी अजून आले नव्हते.

"बाई, पाच मिनिटं वर्गात बसाल का? तुम्हाला बसायला सांगणं बरं दिसत नाही, पण..."

"बसते की."

सतरापैकी सतरा पोरं हजर होती. बाईंनी एकेकापुढं पेपर ठेवला. घंटा झाली. सतरा कागद उलटले. आवाज फारसा झालाच नाही. एका मुलानं पेपर हातात घेऊन आधी कपाळाला लावला. खिडकीजवळची दोन वेण्या घातलेली पोरगी पहिला प्रश्न वाचून स्वतःशीच हसली आणि भराभर लिहायला लागली. एक जण छताकडं बघत होता. बाईंनी त्या प्रत्येकाकडं आळीपाळीनं बघितलं. एवढ्याशा वर्गात प्रत्येकाकडं बघून होत होतं.

गुरुजी धापा टाकत आले, तरी भीमाशंकर सरांनी त्यांना दुसऱ्या वर्गावर पाठवलं आणि बाईंना हातानंच खूण केली, बसा. बाई बसल्या. तासाभरानं खिडकीजवळच्या पोरीनं हात वर केला. तिचे कागद संपले होते.

"अज्जी," ती म्हणाली, "पुरवणी कोडरी."

शांतम्मा उठल्या, टेबलावरची पुरवणी उचलली आणि तिच्या बाकापर्यंत नेऊन दिली.